रेडची शिफारस करण्यापूर्वी

नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातुरात गंजगोलाईच्या परिसरात काय, संगणक जुळवून देण्याचा व दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या आमच्या वाचकांपुढे एक विशिष्ट प्रकारचे गिऱ्हाईक वारंवार येऊन उभे राहते. लग्नसराईत टिपलेल्या चित्रफितींचे संकलन घरच्या माडीवर बसून करणारा छायाचित्रकार, आपले तास मुद्रित करून ठेवणारा शिकवणीवर्गाचा प्राध्यापक, किंवा कुटुंबाचे सगळे फोटो एकत्र करू पाहणारा सेवानिवृत्त गृहस्थ, यांपैकी कोणीही असो, त्याने कोठेतरी ऐकलेले असते की दोन-चार हार्ड डिस्क एकत्र गुंफून ‘रेड’ केली म्हणजे डेटा कधीच जात नाही. आणि म्हणून तो मोठ्या विश्वासाने सांगतो की खर्चाचे पाहू, पण रेड करून द्या. ही मागणी पुरी करणे आपणांस मुळीच अवघड नाही, आणि एका डिस्कऐवजी चार विकण्यात दुकानाचे हित आहे हे आम्हांसही कळते. तथापि ज्या हेतूने गिऱ्हाईक रेड मागते तो हेतू तिने साधतो की नाही, याची शहानिशा बिल फाडण्यापूर्वीच व्हावी असे आम्हांस वाटते.

१९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी जो निबंध प्रसिद्ध केला व ज्यातून ‘रेड’ ही संज्ञा रूढ झाली, त्याचा आरंभ वेगाच्या चिंतेतून झाला होता. प्रोसेसर वर्षागणिक अधिक वेगाने धावू लागला असता आयबीएम ३३८० सारखी ७,५०० मेगाबाईटची अवजड व महागडी डिस्क त्याच्या मागे रखडत होती; तिच्या जागी वैयक्तिक संगणकांसाठी तयार होणाऱ्या १०० मेगाबाईटच्या स्वस्त डिस्कांचा ताफा उभा केला, तर सर्वांकडून एकाच वेळी वाचन-लेखन करवून घेता येईल, असा त्यांचा विचार होता. परंतु हिशेब मांडताच विपरीत निष्पन्न झाले: एका डिस्कचे सरासरी आयुर्मान ३०,००० तास धरले, तर १०० डिस्कांच्या ताफ्यात पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्याही आत, निकामी व्हावयाची. मिरर आणि पॅरिटी यांची तजवीज करावी लागली ती या, डिस्कांची संख्या वाढविल्यामुळे ओढवलेल्या, संकटावर. ज्या घराचा सारा संग्रह एका डिस्कमध्ये मावतो, त्या घराने हे संकट ओढवून घेतलेलेच नसते, आणि म्हणूनच घरगुती संगणकाच्या बाबतीत रेडचा विचार सक्तीचा न मानता अपवादाचा मानावा, असे आमचे मत आहे.

डिस्क यांत्रिक बिघाडाने बंद पडली असता काम न थांबता चालू राहावे, एवढेच रेडचे खरे सामर्थ्य. घरातील डेटा नष्ट होतो तो पुष्कळदा अन्य मार्गांनी: घाईत चुकीचा फोल्डर पुसला जातो, पाहुण्याच्या पेनड्राइव्हमधून विषाणू शिरतो, वीज पडते, चोरी होते. पुसण्याचा हुकूम एका डिस्कने जसा पाळला तसाच तिच्या जोडीच्या डिस्कने त्याच क्षणी पाळला, आणि मे २०१७ मध्ये फायलींना कुलूप घालून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा मिरर केलेल्या डिस्कांनी ती कुलुपे इमानेइतबारे दोन्हींकडे बसवून घेतली. तेव्हा गिऱ्हाइकास पहिला प्रश्न हा विचारावा की, तुमची भीती कशाची आहे? काम दोन दिवस अडून राहण्याची, की मुलीच्या लग्नाचे फोटो कायमचे जाण्याची? पहिली भीती असेल तर रेडचा विचार करता येतो. दुसरी असेल तर त्याच पैशात वेगळी ठेवलेली दुसरी प्रत अधिक उपकारक ठरते.

आता प्रकारांविषयी. रेड-० वर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. दोन डिस्कांवर डेटा वाटून वेग दुप्पट करण्याची ती युक्ती एके काळी संकलनकर्त्यांना प्रिय होती. परंतु साधी हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाईट देत असता आजची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी एकटीच ३,००० च्या वर जाते, आणि रेड-० मधील एक डिस्क गेली की दोन्हींवरचे सर्व जाते. रेड-१, म्हणजेच मिरर, हीच घरासाठी समर्थनीय रचना होय: दोन डिस्क, एकीची जागा वापरास, आणि विशेष म्हणजे संगणकच मोडीत निघाला तरी बहुतेक सॉफ्टवेअर-मिररमधील कोणतीही एक डिस्क दुसऱ्या यंत्रास लावून वाचता येते. फक्त या दोन डिस्क एकाच खोक्यातील, एकाच उत्पादन-तुकडीतील नसाव्यात. एका वेळी जन्मलेल्या व एकाच कॅबिनेटात समान तापलेल्या डिस्क अनेकदा थोड्या अंतराने एकमेकींच्या मागोमाग जातात.

खरा मोह रेड-५ चा आहे, कारण तिच्यात काटकसरीचा भास आहे. चार डिस्क ४ टेराबाईटच्या घेतल्या तर १२ टेराबाईट जागा मिळते, एकीएवढीच जागा पॅरिटीत जाते, आणि कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून गेलेलीचा मजकूर गणिताने परत उभा करता येतो. हे सर्व खरे आहे. परंतु परत उभा करावयाचा तर उरलेल्या तिन्ही डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टेराबाईट, म्हणजे ९६ लाख कोटी बिट. आणि घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात वाचनदोषाची जी मर्यादा छापलेली असते ती दर १०० लाख कोटी बिटांमागे एक, अशी. प्रत्यक्षात डिस्क या कागदी आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात हे आम्ही नाकारीत नाही. तरीही ज्या क्षणी संरक्षणाची शेवटची कडी तुटलेली असते, नेमक्या त्याच क्षणी उरलेल्या जुन्या डिस्कांकडून जन्मातले सर्वांत कष्टाचे काम करवून घेणे, हा व्यवहार शहाणपणाचा दिसत नाही. सेकंदाला १५० मेगाबाईटच्या अखंड वेगाने गेले तरी ४ टेराबाईट भरावयास सुमारे साडेसात तास लागतात, आणि संगणक वापरात असेल तर त्याहून कितीतरी अधिक. शिवाय डिस्क एसएमआर प्रकारची असेल, म्हणजे कौलांप्रमाणे एकमेकांवर चढविलेल्या पट्ट्यांची, तर पुनर्लेखनात ती इतकी मंदावते की कधी कधी रचनेतून बडतर्फ केली जाते. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटल कंपनीस आपल्या ‘रेड’ नावाच्याच मालिकेतील २ ते ६ टेराबाईटच्या काही डिस्क या प्रकारच्या असल्याचे जाहीर करावे लागले, तेव्हा मॉडेल क्रमांकाची खातरजमा केल्याशिवाय डिस्क विकू नये. एवढी मोठी जागा ज्यास खरोखर हवी, त्याने चार डिस्कांची रेड-१० किंवा दोन डिस्कांचा बिघाड सोसणारी रेड-६ घ्यावी.

मराठवाड्याची म्हणून जी परिस्थिती आहे तिचा विचार परदेशी मार्गदर्शिकांत सापडावयाचा नाही. वीज जाण्याच्या क्षणी रेड-५ वर डेटा नवा लिहिला गेला आणि पॅरिटी जुनीच राहिली, तर ती विसंगती तशीच दबून राहते व पुढे डिस्क बदलताना चुकीचा मजकूर निर्माण करते. यासाठी यूपीएस हवाच. इन्व्हर्टर आहे असे गिऱ्हाईक सांगेल, तर त्यावरील कळ ‘यूपीएस’कडे आहे की ‘इको’कडे, हे स्वतः जाऊन पाहावे; संगणकाचा पॉवर सप्लाय विजेविना सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो, आणि इको अवस्थेतील इन्व्हर्टरला बदलास त्याहून अधिक वेळ लागू शकतो. उन्हाळ्याचे म्हणाल तर नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या छपराखालील खोलीत त्याहून वर, आणि डिस्कांची मर्यादा साधारणतः ६० अंशांची. म्हणून दोन डिस्कांमध्ये एक खण रिकामा सोडावा, समोर पंखा द्यावा, आणि डाळमिलच्या वा जिनिंगच्या आसपास घर असेल तर जाळी काढून धुता येईल असेच कॅबिनेट निवडावे.

मदरबोर्डवरील बायॉसमधून केलेली रेड ही आमच्या नापसंतीची आहे. तो बोर्ड जळाला, आणि आपल्याकडे विजेच्या झटक्याने बोर्ड जळतातच, तर त्याच जातीचा बोर्ड शोधत फिरण्याची वेळ येते. त्यापेक्षा लिनक्सवर एमडीएडीएम किंवा झेडएफएस, आणि विंडोज ८ पासून उपलब्ध असलेली स्टोरेज स्पेसेस, यांतून केलेला मिरर त्याच प्रणालीच्या दुसऱ्या यंत्रावर उचलून नेता येतो.

आणि तरीही दोन्ही डिस्क एकाच घरात असतात, ही गोष्ट लातूर जिल्ह्यास निराळी समजावून सांगण्याची गरज नसावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींची घरे हजारो माणसांसह बसली, तेव्हा घरात जे जे जपून ठेवले होते ते सर्व एकाच ढिगाऱ्यात गेले. आणि गोदावरीचे पाणी नांदेडच्या सखल वस्त्यांत शिरते तेव्हा ते मूळ आणि नक्कल असा भेद पाळीत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला नियम, म्हणजे तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांतील एक अन्यत्र, हा आपल्याकडे सहज पाळता येतो, कारण नांदेडच्या कुटुंबाची लेक लातुरास आणि लातूरच्या कुटुंबाचा मामा नांदेडास असणे ही नित्याची गोष्ट आहे. बाहेरची एक डिस्क, सणावारी जाताना पिशवीत घातलेली, व परत येताना बदलून आणलेली, हा बंदोबस्त जेमतेम दोन डिस्कांच्या किमतीत होतो. इंटरनेटवरील साठा ज्यास परवडेल त्याने तोही घ्यावा. पण शेकडो गिगाबाईटच्या चित्रफिती वर चढविण्यास किती दिवस लागतील, हे त्यास आधी सांगून टाकावे.

मिरर करून देणाऱ्याने एक शिरस्ता मात्र ठेवावा. गिऱ्हाइकाच्या समक्ष एक डिस्क काढावी, यंत्र चालू राहते हे दाखवावे, ती परत बसवून पूर्ववत होईपर्यंत थांबावे, आणि कोणती डिस्क कोणत्या केबलवर आहे तिचा अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटाच्या आत चिकटवावा. निकामी डिस्क समजून चांगली डिस्क उपसली गेल्याने झालेला अनर्थ आपल्या व्यवसायात ज्ञात आहे. बिघाडाची सूचना गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर येईल अशी व्यवस्था तेव्हाच करावी, नाहीतर मिररमधील एक डिस्क केव्हाच बंद पडलेली असते आणि घरात कोणास पत्ता नसतो. पुढे वर्षातून एकदा, मार्च संपण्यापूर्वी, घरी जाऊन दोन्ही डिस्कांची तपासणी व बाहेरच्या प्रतीची मूळ संग्रहाशी रुजुवात करावी, दहा-वीस फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, आणि या कामाचा मेहनताना डिस्कच्या किमतीत न दडपता बिलात स्वतंत्र ओळीने मांडावा.