अंगणातला गोठा

नाताळच्या आधीचे चार रविवार ख्रिस्ती पंचांगात आगमनकाळाचे मानले जातात. वसईच्या पट्ट्यात, निर्मळ, गास, नंदाखाल, भुईगाव अशा गावांतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत या दिवसांत अंगणातल्या लाकूडफाट्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिले जाते. सुरूचे वासे, बांबूच्या कामट्या, नारळाच्या झावळ्या, भाताचा पेंढा हे सारे बाजूला काढले जाते, कारण त्यातूनच नाताळचा गोठा उभा राहायचा असतो.

ही प्रथा मूळची इटलीतली. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो या गावी गवत, जिवंत बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा देखावा मांडला. शुभवर्तमानात गव्हाणीचा उल्लेख आहे. बैल-गाढव मात्र परंपरेने तिथे येऊन बसले आणि आता त्यांना कोणी उठवणार नाही! मुद्दा इतकाच, की हा देखावा मुळात गुरांच्या गोठ्याचा. तो चकचकीत असण्यापेक्षा ओबडधोबड असणेच त्याला शोभते. महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ साली बंदी आली, त्याची हळहळ निदान या बाबतीत तरी वाटायला नको.

लाकडासाठी झाड मात्र तोडू नये. शहरी भागात स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही १९७५ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. वाऱ्याने पडलेल्या फांद्या, उन्हाळ्यात रिकाम्या झालेल्या आंब्याच्या पेट्या, भंगारवाल्याकडची मालाची खोकी एवढ्यात काम भागते. परदेशी मालाच्या खोक्याच्या फळीवर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह आणि शेजारी अक्षरे असतात, ती जरूर वाचावीत. ‘एचटी’ म्हणजे फळी उष्णता देऊन कीडमुक्त केलेली. ती खुशाल वापरावी. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. मुलांचे हात जिथे सारखे लागणार, तिथे ती नको. तेलाचे डाग पडलेली किंवा उग्र वासाची फळीही नको.

अंगणासाठी तीन फूट रुंद, दोन फूट खोल गोठा पुरतो. पुढचे दोन खांब अडीच फुटांचे आणि मागचे दोन फुटांचे ठेवले की छपराला आपोआप उतार येतो. सांधे खिळ्यांऐवजी काथ्याने बांधावेत. दिसायलाही बरे आणि उकलायलाही सोपे. खांब थेट मातीत पुरू नयेत. खाली विटा ठेवाव्यात, नाहीतर वाळवी लागते. वाळवीवर उपाय म्हणून काहीजण जळके ऑइल फासतात. शेजारी पेंढा आणि दिवे असताना हा उपाय मुळीच करू नये.

खरी गंमत जनावरे करण्यात आहे. बैलासाठी फूटभर लांब आणि मनगटाहून दुप्पट जाड ओंडका घ्यावा. पायांसाठी अंगठ्याएवढ्या जाड काटक्या लागतात. इथे सुतारकामातली एक जुनी युक्ती कामी येते: ओंडक्यात थोडी ओल असावी, पाय मात्र कडकडीत वाळलेले असावेत. ओंडक्याला दीड इंच खोल भोके पाडून पाय ठोकून बसवले की पुढच्या दिवसांत ओंडका वाळताना आकसतो आणि पायांना घट्ट धरतो. याच्या उलट केले तर पाय आठवडाभरात खुळखुळू लागतात. भोके किंचित बाहेरच्या बाजूला तिरकी पाडावीत, म्हणजे बैल कलंडत नाही. ओंडक्याला वाळताना भेग पडली तर पडू द्यावी. मानेसाठी आखूड जाड फांदी, डोक्यासाठी छोटा ओंडका आणि शिंगांना बेचक्याची फांदी. तीच बेचकी लांब घेतली की रेनडिअर होतो, पण तो उत्तरेकडच्या बर्फातला. कोकणातल्या अंगणात खिलारी बैलच जास्त रुळतो. विदर्भातल्या वाचकांना तर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तयारच सापडेल.

गोठ्यावर तारा हवाच. दोन-दोन फुटांच्या पाच सारख्या काटक्या घेऊन कागदावर न उचलता काढतो तशी चांदणी जमिनीवर मांडावी आणि टोके व छेद सुतळीने आवळावेत. आकाशकंदील करणाऱ्या हातांना हे नव्याने शिकवायला नको. गोव्यात गोठ्यासमोर हिरवळ म्हणून नाचणी किंवा गहू पेरतात. बी भिजवून परातीतल्या मातीत पेरले की आठ-दहा दिवसांत हिरवे अंकुर चांगले वर येतात. म्हणजे पेरणी पंधरा डिसेंबरच्या सुमारास करावी.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. सुका पेंढा, वाळल्या झावळ्या आणि बांबू, म्हणजे पेटायला लागणारे सारे काही इथे एकत्र असते. गोठ्याच्या आत पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवू नये. पेटवायचीच तर चार-पाच फुटांवर, दगडावर. विजेची माळ लावायची तर एलईडीची लावावी. ती जुन्या तारेच्या दिव्यांइतकी तापत नाही. तरी दिवे पेंढ्यात खुपसून ठेवू नयेत. डिसेंबरच्या रात्री दव पडते, त्यामुळे प्लग आणि जोड अंगणात उघड्यावर नसावेत; ते ओटीवर छपराखाली असावेत. टेप गुंडाळून जोडलेली वायर ओल्या मातीवरून नेणे हा तर शुद्ध धोका आहे. घरात गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवलेला असेल तर माळ त्याच जोडणीवर लावावी. झोपण्यापूर्वी माळ बंद करावी आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी.

चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी ठेवायची असते. मिस्साहून परतल्यावर बाळ येशूची मूर्ती तिच्यात ठेवतात आणि हा मान बहुधा घरातल्या सर्वांत लहान मुलाला मिळतो. तीन राजे पहिल्याच दिवशी गोठ्यात उभे करू नयेत. त्यांना अंगणाच्या टोकाला, कुंडीआड उभे करावे आणि रोज थोडे थोडे पुढे सरकवावे. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ते पोचतात. गोव्यात चांदर, रेइश मागूश आणि कासावली इथे हा सण मोठ्या थाटात होतो.

त्यानंतर काथ्या सोडवून वासे कोरड्या जागी उभे करून ठेवावेत. पेंढा गुरांना घालण्याआधी त्यात तारेचा तुकडा राहिला नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे.