आधी हजेरी, मग ठराव

सभेचा आरंभ पुष्कळांना कंटाळवाणा वाटतो. अध्यक्षांनी जागा घ्यायची, हजेरी मोजायची, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायचे आणि ते कायम करायचे. ‘हे सगळे कशाला? सरळ कामाला लागा ना!’ असे लोक म्हणतात. मला मात्र वाटते, की सभेचे खरे काम इथूनच सुरू होते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचेच उदाहरण घ्या. इथे पाऊस कमी. उन्हाळ्यात विहिरी आटत, शेती पिकत नसे आणि माणसे पोटासाठी गाव सोडून जात. १९८९-९० पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी ग्रामसभेत बसून काही कठोर नियम ठरवले. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. गुरे डोंगरावर मोकाट चरायला सोडायची नाहीत. दारू बंद. गावाच्या कामासाठी सर्वांनी श्रमदान करायचे. पुढे, शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, हेही ठरले. आता गावात पाण्याचा हिशेब मांडतात आणि पाणी किती आहे ते पाहून कोणती पिके घ्यायची ते ठरवतात.

हे वाचायला सोपे आहे. पण थोडा विचार करा. चराईबंदी झाली, की कोणत्याही गावात पहिला चिमटा कोणाला बसतो? ज्याच्याजवळ शेत नाही, फक्त चार शेळ्या आहेत, त्याला. तो सभेत नसेल, तरी ठराव मंजूर होईल. पण पाळला जाणार नाही. तो रात्री गुपचूप शेळ्या डोंगरावर नेईल. त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याला कोणी विचारलेच नव्हते!

म्हणूनच कायद्याने ग्रामसभेला काही बंधने घातली आहेत. सभेची सूचना आधी द्यावी लागते. ठरावीक संख्येने मतदार हजर असावे लागतात. यालाच गणपूर्ती म्हणतात. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असाही नियम आहे. डोक्यावर हंडा वाहणाऱ्या बाईला पाण्याविषयी बोलता आले नाही, तर ती सभा कसली?

आपल्या देशाची राज्यघटना लिहिण्याचे काम असेच सुरू झाले. ९ डिसेंबर १९४६ रोजी नवी दिल्लीत संविधान सभा पहिल्यांदा भरली. त्या दिवशी मोठे ठराव झाले नाहीत. वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेले डॉ. सच्चिदानंद सिन्हा हंगामी अध्यक्ष झाले. परदेशांतून आलेले शुभसंदेश वाचले गेले. मग एकेका सदस्याने आपले निवडणुकीचे पत्र दाखवून नोंदवहीत सही केली. ११ डिसेंबरला डॉ. राजेंद्रप्रसाद कायमचे अध्यक्ष निवडले गेले. त्यानंतर १३ तारखेला पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला.

पण सभागृहात काही जागा रिकाम्या होत्या. मुस्लिम लीगचे सदस्य आले नव्हते आणि संस्थानांचे प्रतिनिधीही नव्हते. तेव्हा बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी सुचवले, की ठराव घाईने मंजूर करू नये, न आलेल्यांसाठी थांबावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला. सभा थांबली आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव मंजूर झाला. तोपर्यंतही लीगचे सदस्य आले नाहीत, हे खरे. तरी ते थांबणे वाया गेले असे मी मानत नाही. दार उघडे ठेवणे सभेचे काम होते आणि ते तिने केले.

मित्रांनो, सभेच्या भाषेतले किती शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, ते पाहा. हजर, मंजूर, कायम, तारीख, दप्तर हे शब्द उर्दूतही आहेत. ‘हरकत’ मात्र जरा वेगळा आहे. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल; मराठी सभेत हरकत म्हणजे विरोध. अध्यक्षांनी ‘कोणाची हरकत आहे का?’ असे विचारले, तर न घाबरता हात वर करा.

काहीजण म्हणतील, ‘नियम पाळूनही सभा खोटी असू शकते.’ हे खरे आहे. काही ठिकाणी सभा फक्त कागदावर होते आणि सह्या मागाहून गोळा केल्या जातात. पण खोटी हजेरी लिहावी लागते, यावरूनच खऱ्या हजेरीची किंमत कळते.

तुमच्या वर्गातही सभा होते. कधी सहलीचे ठिकाण ठरते, कधी वर्गणी ठरते. पुढच्या वेळी लगेच हात मोजू नका. आधी पाहा, आज कोण आलेले नाही? वर्गणी देणे ज्याला जड जाईल, तोच तर घरी राहिला नाही ना?