पाणी सगळ्यांचे, गाळ कुणी काढायचा?

'ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट मिळते, मग तक्रार कसली करता?' असे एक बाजू म्हणते. 'आम्ही वापरतो, म्हणजे बिघाड ताबडतोब दुरुस्त झालाच पाहिजे,' असे दुसरी बाजू म्हणते. आमच्या मते हे दोन्ही युक्तिवाद एकाच प्रश्नाला बगल देतात. इंटरनेट ज्या श्रमांवर उभे आहे ते श्रम कोण करतो आणि त्यांच्या जिवावर पैसा कोण कमावतो? आंबेडकरी माणसाला हा प्रश्न नवा नाही. नवा आहे तो फक्त कारखाना.

काही मित्र म्हणतील, हा संगणकवाल्यांचा विषय आहे, चळवळीने त्यात कशाला पडायचे? मित्रांनो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ब्राउझरमध्ये जे छोटे कुलूप दिसते, त्यामागे असे सॉफ्टवेअर असते. आपल्या संघटनेची वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे, त्यात दुरून शिरून काम करण्याची जी सोय आहे, तीही बहुधा याच जातकुळीतली. रस्ता कुणाचा, तो कोण झाडतो, आणि खड्डा पडला तर जबाबदार कोण, हे विचारल्याशिवाय त्या रस्त्यावरून मोर्चा काढणाऱ्यांपैकी आपण नाही.

दोन वर्षे न दिसलेले भोक

७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' नावाचा दोष जाहीर झाला. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर संगणकांमधले संभाषण गुप्त ठेवते. बँका, सरकारे, मोठमोठ्या कंपन्या, सगळे ते वापरत होते. दोष समजायला अगदी सोपा होता. जोडणी जिवंत आहे का हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला म्हणतो, 'हा शब्द परत पाठव, त्याची लांबी अमुक आहे.' आता शब्द पाठवला 'जय भीम' आणि लांबी सांगितली ६४ हजार, तर सर्व्हरने खात्री करायला हवी होती. तो करत नव्हता. तो 'जय भीम'च्या शेजारी स्मृतीत जे काही पडले असेल ते सगळे उचलून देत होता. त्यात लोकांचे पासवर्ड असू शकत होते, सर्व्हरची गुप्त किल्लीही असू शकत होती. कॅनडाच्या कर विभागातून सुमारे ९०० नागरिकांचे ओळख क्रमांक याच वाटेने चोरीला गेले.

हा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून तिथेच होता. कोड सगळ्यांसाठी खुला असतो, हजारो डोळे तो पाहतात, म्हणून दोष लपत नाहीत, असे आपल्याला शिकवले गेले होते. प्रत्यक्षात तो बदल एका संशोधक विद्यार्थ्याने लिहून दिला, दुसऱ्या एकाने तपासला आणि चूक दोघांच्याही नजरेतून निसटली. बाकीचे डोळे वापरणाऱ्यांचे होते, वाचणाऱ्यांचे नव्हते. अब्जावधींची उलाढाल ज्या कुलपावर चालली होती, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २,००० डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक.

जगभर आरडाओरड झाल्यावर गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, ॲमेझॉन यांच्यासारख्या कंपन्या लिनक्स फाउंडेशनच्या निधीत पैसे घालायला पुढे आल्या. ही रक्कम त्यांना आदल्या वर्षी जड होती असे कोण म्हणेल? पैसा होताच. घर पेटेपर्यंत तो देण्याची गरज कुणाला वाटली नव्हती, एवढेच.

चोवीस तासांत उत्तर द्या

दुसरे उदाहरण कर्लचे. इंटरनेटवरून माहिती आणण्या-पाठवण्याचे हे सॉफ्टवेअर स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ साली या नावाने प्रसिद्ध केले. मोबाइल, मोटारी, टीव्ही अशा अब्जावधी यंत्रांत आज ते आहे. स्टेनबर्ग यांनी अनेक वर्षे हे काम नोकरी सांभाळून फावल्या वेळात केले. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने त्यांना पत्र धाडले. लॉगफोरजे या वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये महिनाभरापूर्वी मोठा दोष सापडला होता. त्याबद्दलची प्रश्नावली या कंपनीने कर्लच्या निर्मात्याकडे पाठवली आणि २४ तासांत उत्तर मागितले. या कंपनीने त्यांना कधी एक पैसा दिला नव्हता. स्टेनबर्ग यांनी कळवले की, आधी सेवेचा करार करा, मग आनंदाने उत्तरे देतो.

या उत्तराचे आम्हाला कौतुक वाटते. ते उद्धट नाही आणि लाचारही नाही. घामाचा हिशेब मागणारे ते उत्तर आहे.

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे सॉफ्टवेअर. काही लिनक्स प्रणालींत ते आडवळणाने एसएसएच या दूरप्रवेशाच्या दारापर्यंत पोचते. ते सांभाळणारा माणूस फिनलंडमधला, एकटा, बिनपगारी. २०२२ मध्ये काही नावांनी त्याच्यामागे तगादा लागला: कामे का रखडली, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने सांगितले की तब्येत बरी नसते आणि हे काम आपण हौसेने करतो. तगादा थांबला नाही. शेवटी मदतीला आलेल्या एका 'स्वयंसेवका'च्या हाती अधिकार गेले आणि पुढे त्याच हाताने त्यात चोरदार बसवले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचचे लॉगिन साधारण अर्धा सेकंद उशिराने होते आहे असे जाणवले, त्याने मुळापर्यंत शोध घेतला आणि जग थोडक्यात वाचले.

यातला धडा नीट वाचा. तगादा लावणारी ती नावे बहुधा बनावट होती. पण त्यांचे सोंग खपले, कारण खरे वापरकर्तेही असेच बोलतात. फुकट राबणाऱ्याला दरडावण्याची भाषा इतकी रुळलेली आहे की शत्रूने ती वापरली तरी कुणाला वेगळे काही जाणवले नाही.

वतन आणि बलुते

ही भाषा आम्ही ओळखतो. महार वतनाची रीत आठवा. सरकारी माणसाने दिवसा-रात्री केव्हाही हाक मारावी आणि वतनदार महाराने धावावे. तो गावात नसला तर घरातल्या दुसऱ्याने जावे. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि गाव देईल ते बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा काम किती, ते कुणाचे आणि मोबदला किती, हाच हिशेब त्यांनी सरकारपुढे ठेवला.

तुलना जपून करायला हवी. स्वीडनचा अभियंता जन्माने या कामाला जुंपलेला नाही. तो उद्या काम सोडू शकतो, त्याच्या सावलीचा विटाळ कुणाला होत नाही. आमच्या आजोबा-पणजोबांना सोडण्याची मुभा नव्हती. दोघांचे दुःख एक आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही बोट ठेवतो ते घेणाऱ्याच्या मनोवृत्तीवर. काम नजरेआड होत राहिले की घेणाऱ्याला ते आपोआप होते असे वाटू लागते, आणि एक दिवस झाले नाही की तो करणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवतो. गटार तुंबेपर्यंत सफाई कामगार कुणाला दिसत नाही. सॉफ्टवेअरमधला दोष निस्तरणे हीही सफाईच आहे. नवे काही बांधणाऱ्याला टाळ्या, जुने नीट ठेवणाऱ्याला तगादा, ही उतरंड आपल्या समाजाने फार पूर्वी गिरवून ठेवली आहे.

कागदावरचे खुलेपण

मग वापरकर्त्याने गप्प बसावे का? मुळीच नाही. दुसऱ्या बाजूचाही समाचार घ्यायलाच हवा.

सामान्य माणूस दोष कळवतो तेव्हा अनेकदा त्याला उत्तर मिळते, 'कोड खुला आहे, स्वतः दुरुस्त करा.' महाडची नगरपालिका आठवा. १९२४ साली तिने चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, ओंजळीत पाणी आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. परवान्यावर 'खुले' लिहिल्याने काही खुले होत नाही. ज्याला इंग्रजीत दोन ओळी लिहिताना घाम फुटतो, ज्याच्याकडे मोबाइलशिवाय संगणक नाही, त्याला 'स्वतः दुरुस्त कर' म्हणणे म्हणजे दोर न देता विहीर दाखवणे आहे. शिवाय दोष नीट नोंदवणे हेही श्रम आहेत. केव्हा घडले, कोणत्या आवृत्तीत, काय केल्यावर पुन्हा घडते, हे कळवणारा भीक मागत नसतो, तो कामात वाटा उचलत असतो.

म्हणून आमची कसोटी सरळ आहे: ज्याचा नफा मोठा, त्याची जबाबदारी मोठी. त्या सॉफ्टवेअरवर अब्जावधी कमावणाऱ्या कंपनीला फुकट अपेक्षा ठेवण्याचा नैतिक हक्क नाही. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या सरकारला देखभालीचा वाटा टाळण्याचा हक्क नाही. आणि वस्तीतल्या विद्यार्थ्याला विचारण्याचा, चुका दाखवण्याचा, माणुसकीचे उत्तर मिळवण्याचा पूर्ण हक्क आहे. या तिघांना 'वापरकर्ता' या एकाच शब्दात कोंबणे हीच लबाडी आहे.

कायद्याची ताकद काय असते तेही पाहा. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे २००३ साली उघड झाले. परवान्याच्या अटीमुळे कंपनीला कोड द्यावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले कितीतरी जुने राउटर त्यामुळे आजही सुरक्षित चालवता येतात. हक्क कागदावर होता आणि तो बजावणारे लोकही होते, म्हणून हे घडले.

फुकट श्रमाची 'गुणवत्ता'

आता आपल्या पोरांचा प्रश्न. अभियांत्रिकीच्या मुलांना सल्ला मिळतो, 'ओपन सोर्समध्ये योगदान द्या, प्रोफाइल चांगले दिसेल, नोकरी लागेल.' सल्ला वाईट नाही. पण फुकट काम करायला फुरसत लागते, आणि फुरसत ही वारशाने मिळणारी मालमत्ता आहे. ज्याच्या घरी बापाची पेन्शन आहे, स्वतःची खोली आहे, तो रात्री दोनपर्यंत कोड लिहितो. जो सकाळी पेपर टाकतो, संध्याकाळी दुकानात उभा राहतो आणि वसतिगृहातल्या सहा जणांच्या खोलीत झोपतो, त्याचे प्रोफाइल कोरे राहते. मुलाखतीत पहिल्याला 'तळमळीचा' म्हणतात, दुसऱ्याला 'कच्चा'. गिटहबने २०१७ साली केलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्यांपैकी ९५ टक्के पुरुष होते. घर सांभाळणाऱ्या बाईला फावला वेळ कुठला? जातीचा हिशेब तर कुणी मांडतही नाही. मेरिटचा जुनाच खेळ नव्या पाटावर मांडला आहे.

देखभालीला पगार मिळाला तर हे दार आपल्यासाठीही उघडेल. म्हणून या श्रमांच्या मोबदल्याची मागणी युरोपातल्या अभियंत्यांवर दया म्हणून आम्ही करत नाही. ती आमच्या मुलींची आणि मुलांची मागणी आहे.

मागायचे काय, करायचे काय

हे अशक्य नाही. जर्मनीने २०२२ पासून सरकारी निधीतून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीला पैसे देणे सुरू केले आणि कर्ललाही त्यातून मदत मिळाली. युरोपीय संघाचा सायबर सुरक्षेचा नवा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला. त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. माल विकणाऱ्या कंपनीवर दोषदुरुस्तीची जबाबदारी टाकताना नफ्याशिवाय कोड देणाऱ्याला त्याने त्या ओझ्यातून वगळले आहे. भारतात झिरोधाने २०२४ साली दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. भारत सरकारने २०१५ सालीच आपल्या कारभारात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले आहे. वापराचे धोरण आहे, तर देखभालीसाठीही दरवर्षीची ठरलेली तरतूद हवी. खासगी दातृत्वावर विसंबणे म्हणजे पुन्हा बलुत्यावर विसंबणे. मूलभूत उद्योग राज्याच्या हाती असावेत असे बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्य आणि अल्पसंख्याक'मध्ये मांडले होते. आजच्या मूलभूत उद्योगांत हे अदृश्य सॉफ्टवेअर मोजा.

आणि आपण स्वतः? संघटनेच्या वार्षिक हिशेबात हॉलचे भाडे आणि बॅनरचा खर्च लिहितो, तिथे वापरत असलेल्या एका तरी सॉफ्टवेअरसाठी छोटी रक्कम लिहूया. सर्व्हर आणि राउटरचे अपडेट वेळेवर करूया, कारण दुरुस्ती निघाली आणि आपण ती बसवलीच नाही, तर दोष राहतोच. अभ्यासिकांमध्ये मुलांना दोष कसा नोंदवायचा हे मराठीतून शिकवूया. आणि कुणा बिनपगारी माणसाला 'अजून झाले नाही का?' असे विचारण्याआधी, ते वाक्य आपल्या माणसांनी किती पिढ्या ऐकले आहे ते आठवूया.

तळ्याच्या पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे. तो मागताना आम्ही कधी मागे हटलो नाही आणि हटणार नाही. पण गाळ काढणाऱ्याला मजुरी न देता पाण्यावर मालकी सांगणाऱ्यांच्या रांगेत आम्ही उभे राहणार नाही. बंधुता या शब्दाचा अर्थ आम्ही असा घेतो.

जय भीम!