चित्र दिसतंय, पण चालू आहे का?

काळा पडलेला स्क्रीन परवडला, थिजलेलं चित्र नको. काळा स्क्रीन निदान खरं तरी बोलतो!

भोसरी एमआयडीसीत माझ्या मामांचं छोटं प्रेसशॉप आहे. चार पॉवर प्रेस, चार कॅमेरे आणि वरच्या केबिनमध्ये एक टीव्ही. रात्रपाळीला मामा तिथूनच खाली नजर ठेवतात. मध्यंतरी टीव्हीवर तीन नंबरच्या प्रेससमोर हेल्पर पोरगा छान उभा दिसत होता. मामा चहाला हाक मारायला खाली उतरले, तर पोरगा चक्कर येऊन जमिनीवर बसलेला! चित्र किती वेळ अडकलं होतं, कुणालाच सांगता येईना. (पोरगा ठणठणीत आहे. मीठ-साखरेचं पाणी पाजून मामांनी त्याला स्वतः घरी सोडलं.)

लगेच भाच्याला बोलावणं. आपण आयटीत म्हटल्यावर घरच्या मिक्सरपासून सगळं आपल्याच गळ्यात, अनुभव असेलच तुम्हाला.

मामांचा राग होता तो टीव्हीमागच्या डबीवर. ‘‘अरे, ही डबीच बदलून टाक!’’ ती डबी म्हणजे एक रास्पबेरी पाय, त्यावर मीडियाएमटीएक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर. काम दुभाष्याचं. कॅमेरे बोलतात आरटीएसपी, ही 1998 सालची भाषा. ब्राउझरला ती कळत नाही. डबी ते चित्र घेते आणि वेबआरटीसीमधून टीव्हीच्या ब्राउझरला देते. सगळं शॉपच्या आतल्या नेटवर्कवर, इंटरनेटची गरजच नाही.

आणि दुभाषी म्हटला की दोन्हीकडच्या शिव्या त्यालाच! म्हणून आधी त्याला बाजूला ठेवायचं. लॅपटॉपवर व्हीएलसी उघडलं, ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’मध्ये कॅमेऱ्याचा थेट आरटीएसपी पत्ता टाकला, पोर्ट 554. तीन कॅमेरे मख्खन. तीन नंबरचा मात्र इथेही अडकला. डबी निर्दोष! (इथे चित्र नीट चाललं असतं, तर डबीचं पान लॅपटॉपवर उघडायचं. तिथेही चाललं, तर टीव्हीचा ब्राउझर बघायचा.)

तीन नंबर तेवढा वाय-फायवर होता, आणि राउटर आणि त्याच्यामध्ये पत्र्याचं पार्टिशन, वर लोखंडी रॅक. धातूपुढे वाय-फायचं काही चालत नाही. केबल ओढली, 100 मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. पीओई स्विचमुळे वीजही त्याच केबलमधून गेली. टीव्हीला मोठ्या स्ट्रीमऐवजी सब-स्ट्रीम दिली. चार छोट्या चौकटींना फुल एचडी हवंय कशाला?

दुसरी तक्रार जास्त मजेशीर. ‘‘दर शुक्रवारी एखादा कॅमेरा गायब होतो रे!’’ भोसरीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी. मामा मेन स्विच पाडतात, शुक्रवारी सकाळी सगळं एकदम चालू. स्वस्त राउटर आपण कुणाला कुठला पत्ता दिला होता हे विसरतो आणि जो आधी येईल त्याला पुढचा आयपी देतो. कालपर्यंत 21 वर राहणारा कॅमेरा आज 24 वर, आणि डबी बिचारी 21 चं दार वाजवत बसते. राउटरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याच्या मॅक अॅड्रेसला आयपी राखून दिला. दहा मिनिटांचं काम.

मग चारही कॅमेऱ्यांत तारीख-वेळ सेकंदासकट चित्रावर छापायला लावली. सेकंद थांबले की चित्र मेलं, धावत खाली जायचं. मात्र वीज गेल्यावर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ थेट 1970 किंवा 2000 सालात पोचतं, म्हणून त्यांना वेळ डबीकडूनच घ्यायला सांगितली.

आता तुमच्या घरचं. चाकणच्या प्लँटमध्ये बसून मोशीच्या फ्लॅटमधली आजी मोबाईलवर बघणारे तुमच्यात बरेच असतील. कोपऱ्यातले सेकंद आधी बघा, आजी नंतर. ब्राउझरमध्ये काळी चौकट, पण व्हीएलसीत चित्र झकास, असं असेल तर कॅमेरा बहुधा एच.265 वर आहे, एच.264 करून बघा. आणि डबी मधूनच रीस्टार्ट होत असेल, तर तिला जुन्या मोबाईलचा चार्जर लावलाय का ते तपासा. रास्पबेरी पाय 4 ला 5 व्होल्ट, 3 अँपिअर लागतात. ड्रॉवरमधल्या चार्जरांपैकी एकही पुरणार नाही, पैज!