काट्यावर दोनदा वजन

तुरीचा हंगाम आला की आळंद, हुमनाबाद, भालकीच्या रस्त्यांवर पोत्यांनी भरलेले ट्रक दिसू लागतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती, अडत किंवा वाहतूक आहे. म्हणून तरुण मंडळींना सांगावेसे वाटते: काट्यावर एकूण वजन बरोबर आले, म्हणजे झाले असे नाही.

२०१८ च्या नियमानुसार सहा चाकी ट्रकला मालासह १८.५ टनांची मर्यादा आहे. पुढच्या अॅक्सलवर ७ टन, मागच्यावर ११.५. पोती मागेच रचली आणि पुढे ५, मागे १३.५ टन झाले, तर बेरीज तीच राहते. पण मागचा अॅक्सल २ टनांनी जड होतो. रस्त्याची झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे त्या अॅक्सलखाली ती जवळजवळ दुप्पट! टायर तापून फुटण्याची भीती वेगळीच.

उपाय सोपा आहे. काटा रस्त्याच्या पातळीत असेल, तर आधी फक्त पुढची चाके त्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचा भार कळतो. जास्त निघाला तर पोती केबिनकडे सरकवा आणि पुन्हा वजन करा. हमालांचा थोडा वेळ जाईल; पण गाडी चालवणाराही कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी भाऊ आहे. त्याची घरी कुणीतरी वाट पाहत असते.