काडेपेटी बाजूला ठेवा, हाड जुळू द्या

घरात कुणाचं हाड मोडलंय का? पायात रॉड टाकलाय, हात प्लॅस्टरमध्ये आहे? मग थांबा. त्यांच्या उशाशी बिडीचा कट्टा किंवा सिगारेटचं पाकीट असेल तर ते आत्ताच उचला.

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेरची टपरी बघा. काखेत कुबड्या, नडगीवर पांढरं प्लॅस्टर आणि बोटांत पेटलेली बिडी. काडी ओढून देणारा बहुतेक वेळा मित्रच असतो. बिचारा दिवसभर पडून आहे, एवढं तरी मिळू दे, असं त्याला वाटतं. माया खरी आहे. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो आणि निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. मोडलेल्या जागी नवं हाड धरायला नेमकं रक्तच लागतं. वाळू-सिमेंट पोहोचलंच नाही तर गवंडी भिंत कशी उचलणार? म्हणून ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, आणि ते न जुळण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. न जुळलं की पुन्हा टेबलावर, पुन्हा बिनपगारी रजा, पुन्हा उसनवारी. रोजंदारीवर चालणारं घर हे दुसऱ्यांदा कुठून पेलणार?

तुम्ही भेटायला जाणार असाल तर पाकीट नेऊ नका. मोसंबी न्या, तासभर गप्पा मारत बसा. तुम्ही स्वतः रुग्ण असाल तर दिवसाला किती ओढता ते डॉक्टरांना खरं सांगा. लाजू नका, लपवू नका. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर निदान चार आठवडे आधी सोडा.

मोडलेलं हाड निदान दिसतं. आतून विरळ होत जाणारं हाड दिसत नाही, दुखत नाही. धूम्रपानाचं नाव काढलं की आपल्याला फुप्फुसं आठवतात, हाडं कुणालाच आठवत नाहीत, आणि घात तिथेच होतो. साधारण तिशीपर्यंत हाडांत भर पडते, पुढे तीच आयुष्यभर पुरवायची असते. धुरामुळे कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. बायकांच्या शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं, पाळी वर्ष-दोन वर्षं आधीच जाते आणि हाडांची झीज लवकर सुरू होते. मग एके दिवशी मोरीत पाय घसरतो नि खुबा मोडतो. अनेक अभ्यास एकत्र करून १९९७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हिशोब मांडला गेला: बायकांच्या खुब्याच्या दर आठ अस्थिभंगांमागे एक धूम्रपानामुळे. ऐंशीव्या वर्षी ओढणारीचा धोका न ओढणारीपेक्षा ७१ टक्के जास्त. पुरुष यातून सुटलेले नाहीत. आणि म्हातारपणी खुबा मोडला की साधारण पाचांतला एक जण वर्षभरात जातो. जे राहतात त्यांतल्या कितीतरी जणांना संडासापर्यंत जायलाही सुनेचा, मुलाचा हात धरावा लागतो.

तुमच्या घरातला मुलगा कॉलेजात पहिली सिगारेट ओढतोय का? त्याची हाडं अजून भरतायत. ओरडू नका, जवळ बसवून हे सांगा. बाबा ओसरीवर बिडी ओढतात का? बिडी 'आपली, साधी' म्हणून सोडून देऊ नका. तिच्या धुरातही हेच विष आहे. आणि मायबहिणींनो, मिश्रीतही निकोटीन असतंच, तीही हळूहळू सोडा.

सोडल्यावर दिवस-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. हाडांचा धोका मात्र सावकाश उतरतो, त्याला वर्षं लागतात. म्हणून दिवाळीनंतर नको, एक तारखेपासून नको. आज. पहिले तीन-चार दिवस जीव कासावीस होईल, चिडचिड होईल. घरच्यांनो, तेवढे दिवस सांभाळून घ्या. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्या, बडीशेप चघळा, अंगणात एक फेरी मारा. घसरलात तर पुन्हा सोडा.

एकट्यानं जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मदत क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत. पाकिटावरच छापलेला असतो, उलटून बघा. फोन लावा. बाबा लावत नसतील तर तुम्ही लावा आणि त्यांच्या कानाला द्या.