खोक्यावरची रेंज घाटात चालत नाही

पावसाळा लागला की चाळीसगावच्या कॉलेज ग्रुपवर मेसेज ठरलेला असतो : रविवारी पाटणादेवी, मग कन्नड घाट. हल्ली त्यात वॉकीटॉकीची भर पडलीय. हेल्मेटमधून आलेली वायर, हँडलला बटण, रीलमध्ये भारी दिसतं. वस्तू कामाचीही आहे. पण आपण ती निवडतो खोक्यावर छापलेले किलोमीटर बघून. डोंगरात फिरणाऱ्यांनी तो आकडा वाचूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते किलोमीटर मोकळ्या, सपाट जागेचे असतात. हातातल्या बहुतेक सेटच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये सातमाळ्याचा काळा कातळ आला की आवाज संपला. घाटात तर दर वळणाला भिंतच. अर्ध्या वॅटऐवजी पाच वॅटचा सेट घेतला म्हणून कातळ काही बाजूला होत नाही. हेल्मेटमधल्या ब्लूटूथ इंटरकॉमचीही हीच गत.

मग करायचं काय? सेट मोठा घेण्यापेक्षा माणूस योग्य जागी उभा करा. ग्रुपमधला एक जण वरच्या वळणावर थांबवा, जिथून दरी आणि रस्ता दोन्ही दिसतात. खालचा त्याला सांगेल, तो पुढच्याला. तिथे मोबाइलला नेटवर्क असेल तर आणखी बरं. वॉकीटॉकीवरून ११२ किंवा १०८ लागत नाही. तो फोन वरच्यालाच करावा लागणार. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच घाटात दरडी कोसळून वाहनं अडकली होती. अशा वेळी 'कुठे आहेस भो?' याला उत्तर मिळणं फार मोठी गोष्ट असते.

दुसरा मुद्दा कायद्याचा. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे सेट आपल्याकडे विनापरवाना वापरता येतात. मात्र त्या मॉडेलला सरकारी मंजुरी, म्हणजे ईटीए, हवी. कुठलीही फ्रिक्वेन्सी लावता येणारे स्वस्त सेट यात बसत नाहीत. ऑनलाइन मिळतंय म्हणजे चालतंय, असंही नाही. म्हणूनच २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ई-कॉमर्स साइट्ससाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. खरंच जास्त ताकदीचा रेडिओ वापरायचाय? हॅम रेडिओची परीक्षा द्या, लायसन्स घ्या. बारा वर्षांच्या मुलालाही ती देता येते, आपण तर कॉलेजात आहोत.

आणि हो, पाटणादेवीच्या भोवतीचं रान गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं. तिथे गाडी रस्ता सोडून घालायची नाही, रेडिओ असो वा नसो.

बाकी निवड सोपी आहे. हातमोज्यातून दाबता येईल असं बटण, पावसात टिकणारी बॉडी, दिवसभर पुरणारी बॅटरी. शक्यतो गाडी थांबवूनच बोला. पैसे घालण्याआधी कुणाकडून तरी दोन मंजूर सेट मागून आणा, एकाला घाटाच्या वर उभं करा आणि खाली उतरत प्रत्येक वळणावर हाक मारा. आवाज कुठे तुटतो ते वहीत लिहा. आपल्या घाटातली खरी रेंज तीच.